स्तन काढल्यानंतरचं जगणं : बायकांनी मला विचारलेले प्रश्न

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. माझं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली. आधी केमो, मग डावा स्तन आणि काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड) काढल्या, मग शेक म्हणजे रेडिएशन. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या बायका मला भेटतात, फोन करतात. ओपीडीत पाच मिनिटांत जे विचारता येत नाही, आणि घरात विचारायची लाज वाटते, ते त्या मला विचारतात. तेच प्रश्न त्यांच्याच शब्दांत इथे मांडले आहेत. उत्तरांत माझा अनुभव आहे आणि डॉक्टरांकडून, फिजिओथेरपिस्टकडून समजून घेतलेलं आहे. औषधाचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

जीव वाचला ना, मग बाकीचं एवढं मनावर का घ्यायचं?

हे वाक्य मी सासरी ऐकलं, माहेरी ऐकलं, एका नर्सच्या तोंडूनही ऐकलं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्यामुळे बाई गप्प बसते. खांदा आखडतो, हात सुजतो, रात्र रात्र झोप लागत नाही, आणि ती म्हणते, "जाऊ दे, जिवंत आहे ना."

डॉक्टरांच्या जगात हे "बाकीचं" मोजायची पद्धत आहे. कॅन्सरच्या रुग्णांसाठी ३० प्रश्नांचा एक छापील कागद जगभर वापरतात, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला २३ प्रश्नांची पुरवणी आहे. हात वर उचलायला त्रास होतो का, हात सुजलाय का, स्वतःचं उघडं शरीर बघवतं का, शरीरसंबंधांत रस उरलाय का, पुढच्या तब्येतीची काळजी वाटते का, असं सगळं त्यात विचारलेलं असतं. म्हणजे तुमचं दुखणं हा उपचाराचाच भाग आहे. नाटक नाही. ओपीडीत जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

२०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार असल्याचं निदान झालं, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. त्यातल्या कितीतरी जणी पुढे अनेक वर्षं जगणार आहेत. ती वर्षं कशी जातात हेही बघायलाच हवं.

शेजारणीची फक्त गाठ काढली, माझा सगळा स्तन काढला. माझा आजार जास्त होता का?

तसंच असेल असं नाही. गाठ मोठी असेल, दोन-तीन ठिकाणी असेल, शेक घेणं शक्य नसेल, तर स्तन काढावा लागतो. काही जणी स्वतःहूनही तोच निर्णय घेतात. स्तन वाचवून फक्त गाठ काढली आणि शेक दिला, तरी योग्य रुग्णांमध्ये आयुर्मान तेवढंच राहतं, हे अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या गटाने दाखवून दिलं. त्या अभ्यासाचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी कित्येक दशकं हाल्स्टेड नावाच्या अमेरिकन सर्जनच्या पद्धतीने छातीचे स्नायूसुद्धा काढून टाकत. आज मोठा स्नायू जागेवर ठेवतात, म्हणून व्यायाम केला तर आपल्या हाताची ताकद परत येऊ शकते.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर "माझा स्तन वाचू शकतो का?" असं स्पष्ट विचारा. झालं असेल, तर तेव्हाच्या माहितीवर घेतलेल्या निर्णयासाठी स्वतःला दोष देऊ नका.

नळी लावून घरी पाठवलंय. भीती वाटते.

जखमेत साठणारं पाणी त्या नळीतून, म्हणजे ड्रेनमधून, बाहेर येतं. पहिले दोन-तीन दिवस लालसर असतं, मग पिवळसर होत जातं. रोज ठरलेल्या वेळी डबी रिकामी करा, किती मिली निघालं ते वहीत लिहा, आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. चोवीस तासांतलं पाणी साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. बहुतेकींची एक-दोन आठवड्यांत निघते. डबी लोंबकळली की टाका ओढला जातो. मी जुन्या पेटीकोटच्या कापडाची नाडीवाली पिशवी शिवून ती गळ्यात अडकवली होती.

नळी काढल्यावर काखेत पुन्हा पाणी साठून फुगा आला तर घाबरू नका. बऱ्याचदा सुईने काढावं लागतं, दोन-तीनदासुद्धा. पण ताप, लाली, पू, किंवा एकाएकी वाढलेली सूज असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात फोन करा.

हात खांद्याच्या वर जातच नाही. केस विंचरता येत नाहीत.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं इथेच चुकलं. मला घरी सोडताना व्यायाम कुणी दाखवला नाही. मी हात पोटाशी धरून महिनाभर बसून राहिले. घरातलेही म्हणत, "हलवू नकोस, टाके तुटतील." शेकाच्या आधी मशीनखाली हात डोक्यावर धरून झोपायला सांगितलं, तेव्हा तो गेलाच नाही. शेक पंधरा दिवस पुढे गेला.

म्हणून पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट आणि कोपर हलवत राहा. मूठ उघडा-मिटा. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नका. नळी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. जिथे ताण येतो तिथे थांबायचं, दोन श्वास घ्यायचे, खाली यायचं. मी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायचे. पहिली खूण कानाच्या पाळीपाशी होती. दिवसातून तीन वेळा, दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने केलं तर सोपं जातं. लगेच स्तन पुन्हा बनवला असेल, तर व्यायामाचे नियम वेगळे असतात, ते सर्जनकडूनच घ्या.

काहींना काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी दिसतं आणि हात सरळ होत नाही. ती खरोखर दोरीसारखी दिसते, त्यामुळे बाया घाबरून जातात. हा कॅन्सर परत आलेला नसतो. लसिका वाहिन्या, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, घट्ट झालेल्या असतात आणि ताण देण्याच्या व्यायामाने बहुतेकींचं काही महिन्यांत सुटतं. फिजिओथेरपिस्टला जरूर दाखवा.

आता या हाताने हंडा उचलायचाच नाही का? हात सुजेल म्हणतात.

काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात, त्यामुळे सूज येऊ शकते. तिला लिम्फेडेमा म्हणतात. काखेतल्या बऱ्याच गाठी काढल्या असतील तर साधारण पाचातल्या एकीला ती येते, आणि फक्त पहिल्या एक-दोन पहारेकरी गाठी (सेंटिनेल नोड, जिथे कॅन्सर आधी पोचतो) तपासायला काढल्या असतील तर साधारण वीसातल्या एकीला. शेक काखेलाही दिला असेल किंवा वजन जास्त असेल, तर धोका वाढतो.

पूर्वी सांगत, त्या हाताने जड काही उचलू नका, आयुष्यभर. १९९६ साली कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या बायकांची एक बोट-वल्हवणारी तुकडी उभी केली. वल्हं मारणं म्हणजे हातावर सगळ्यात जास्त जोर. त्यांच्या हाताला काही झालं नाही. पुढे २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही, उलट सूज बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

याचा अर्थ उद्या दोन हंडे डोक्यावर घ्या असा नाही. आधी तांब्या, मग कळशी, मग हंडा, असं आठवडे-महिने मोजत न्यायचं. परातीत पीठ मळणं, हाताने कपडे पिळणं चालतं. फक्त सुरुवातीला थोडं, आणि हात जड वाटला की थांबायचं.

खरी भीती जंतुसंसर्गाची आहे. विळीवर बोट कापलं, तव्याचा चटका बसला, शेतात काटा टोचला, मांजर ओरबाडलं, तर लगेच साबणाने धुऊन मलम लावा. हात लाल झाला, गरम लागला आणि थंडी भरून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण अँटिबायोटिक लागतं. रक्तदाब आणि सुई शक्यतो दुसऱ्या हातावर घ्या. पण अडचणीच्या वेळी याच हाताला टोचलं म्हणून महिनाभर काळजी करत बसू नका. त्याने सूज येते असा ठोस पुरावा मिळालेला नाही.

सूज ओळखायची साधी खूण म्हणजे बांगड्या. मी चार काचेच्या बांगड्या मुद्दाम डाव्या हातात घालते. त्या रोज जितक्या सहज फिरतात तितक्या फिरल्या नाहीत, की मी लक्ष देते. सूज सुरुवातीला पकडली तर दाबाची बाही, पट्टी आणि हलका मालीश यांनी आटोक्यात राहते. तेल लावून जोरजोरात रगडणाऱ्याकडे जाऊ नका.

काखेत आणि दंडाच्या आत बधिर आहे. नसलेल्या स्तनाला खाज सुटते. मला वेड लागलंय का?

नाही. काखेतून दंडाकडे जाणाऱ्या बारीक नसा ऑपरेशनमध्ये ताणल्या किंवा तुटल्या जातात. काही भागाचा बधिरपणा कायम राहतो. आणि मेंदूत त्या जागेचा नकाशा अजून तसाच असल्यामुळे तिथे खाज, टोचणी, अगदी निप्पल असल्याचा भाससुद्धा होतो. मला अजून पावसाळ्यात होतो. तीन महिन्यांनंतरही जळजळ किंवा झटके बसत असतील, तर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, ती मागा. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका. चटका बसलेला कळत नाही.

मला आरशात बघवत नाही.

मी चाळीस दिवस पाहिलं नाही. अंघोळ डोळे मिटून करत होते. ड्रेसिंगच्या वेळी छताकडे बघायचे. एके दिवशी घरात कुणी नव्हतं, ओलं अंग पुसता पुसता हात तिथे थांबला. आधी बोटांनीच पाहिलं. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत आडवा वण, एका टोकाला थोडी चुणी पडलेली कातडी. मग कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले.

तुमच्यावर घाई नाही. आधी कपड्यावरून हात ठेवा, मग वणाला तेल किंवा मॉइश्चरायझर लावण्याच्या निमित्ताने स्पर्श करा. जखम पूर्ण भरल्यावर हलका मालीश केला तर वण मऊसुद्धा होतो. मंगळसूत्र वणावर घासत असेल तर थोडे दिवस आखूड करून घाला किंवा काढून ठेवा. त्यात अशुभ काही नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस काही गोड लागत नसेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ती कमजोरी नसून आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनची गोळी, चालू असेल, तर डिप्रेशनची गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना "मी टॅमॉक्सिफेन घेते" हे नक्की सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात.

ब्लाऊजमध्ये काय घालायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि नेहमी हलक्या आवाजात.

जखम भरेपर्यंत, म्हणजे पहिले सहा-आठ आठवडे, फक्त मऊ आणि हलकं. जुन्या मलमलीच्या कापडात कापूस भरून गादीसारखं करा. त्यानंतर तीन वाटा आहेत. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वजनाला आणि हाताला खऱ्यासारखा लागतो, पण महाग असतो आणि उन्हाळ्यात त्याखाली घाम येतो. तो रोज धुऊन कोरडा ठेवावा लागतो. सुती धाग्याने विणलेला, आत फायबर भरलेला हलका असतो, धुता येतो. अनेक ठिकाणी स्वयंसेवक बायका असे विणून मोफत देतात, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा. आणि तिसरा घरचा.

माझा पहिला घरचाच होता. नणंदेने ब्रेसियरच्या मापाची पिशवी शिवून तिच्यात बाजरी भरली. वजन बरोबर आलं, कारण ती तागडी घेऊन बसली होती. आषाढात एक दिवस ब्लाऊजवर बारीक किडा चालताना दिसला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, धान्य भरायचं तर आतली पिशवी वेगळी, चेनची किंवा टीप उसवता येईल अशी ठेवा, आणि दर महिन्याला धान्य बदला.

वजनाचा विचार फक्त दिसण्यापुरता नाही. स्तन मोठे असतील आणि एक बाजू रिकामी राहिली, तर खांदा वर चढतो, मान आणि पाठ दुखते. हलकं घातलं की ते वर सरकतं, म्हणून शिंप्याकडून ब्रा किंवा ब्लाऊजला आतून सुती खिसा शिवून घ्या. हात वर जात नाही तोवर पुढून उघडणारे ब्लाऊज शिवा. साडीचा पदर डाव्या खांद्यावरून येतो, त्यामुळे डावी बाजू झाकली जाते. उजवीकडचं ऑपरेशन असेल तर खिसा जास्त नीट बसवावा लागतो.

काहीच घालायचं नसेल तर घालू नका. माझी एक मैत्रीण घरी आणि शेतात तशीच वावरते.

नवीन स्तन बनवता येतो का? हे वय आहे का असलं करायचं?

येतो. पोटाची किंवा पाठीची कातडी-चरबी वापरून, किंवा इम्प्लांट बसवून. त्याच वेळी करता येतो आणि नंतर कित्येक वर्षांनीही. शेक घ्यायचा असेल तर इम्प्लांटच्या अडचणी वाढतात, म्हणून वेळ नीट ठरवावी लागते. एकापेक्षा जास्त ऑपरेशनं लागू शकतात आणि बनवलेल्या स्तनाला पूर्वीसारखी संवेदना नसते, हे आधीच माहीत असू द्या. वयाचं म्हणाल तर पंचावन्नाव्या वर्षी करून घेतलेली बाई मला माहीत आहे. मी केला नाही. दोघींचंही बरोबर आहे.

नवरा जवळ येत नाही. की मीच येऊ देत नाही?

बऱ्याचदा दोन्ही. त्याला वाटतं तिला दुखेल. तिला वाटतं त्याला किळस येईल. दोघं पाठ करून झोपतात आणि वर्ष जातं. नवऱ्याला वण कधी दाखवायचा ते तुम्ही ठरवा, पण दाखवा. अंधारात आणि ब्लाऊज ठेवून सुरुवात केली तरी चालेल.

केमो आणि हार्मोनच्या गोळ्यांमुळे योनीत कोरडेपणा येतो आणि संबंध दुखतात. त्यासाठी पाण्याचा अंश असलेलं लुब्रिकंट औषधाच्या दुकानात मिळतं. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, रबर फाटतं. पाळी बंद झाली म्हणून दिवस राहणार नाहीत असं धरू नका. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. गर्भनिरोधनाच्या हार्मोनच्या गोळ्याही चालत नाहीत. तांबी किंवा कंडोम याबद्दल विचारा. मूल हवं असेल तर ते ऑन्कॉलॉजिस्टना आधीच सांगा, काही जणींना ठरावीक काळ गोळी थांबवून प्रयत्न करता येतो.

गोळीने अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात. बंद करू का?

स्वतःहून नाही. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये ही गोळी पाच, कधी दहा वर्षं चालते, आणि आजार परत येण्यापासून तीच सांभाळते. वाफा येत असतील तर सुती कपडे, रात्री उशाला पाण्याचा तांब्या, चहा-तिखट कमी. तेवढ्याने भागलं नाही तर औषध आहे. लेट्रोझोलसारख्या गोळीने सांधे दुखतात आणि हाडं विरळ होतात. रोज चालणं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी डॉक्टरांना विचारून करा. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त गेलं, किंवा एकच पिंढरी सुजून दुखू लागली, तर लगेच सांगा.

सगळं संपलं तरी थकवा जात नाही.

हा झोपून जाणारा थकवा नाही. सगळ्यांना उलटं वाटतं, पण चालण्याने तो सगळ्यात जास्त कमी होतो. घराभोवती दहा मिनिटांपासून सुरू करा. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

लोकांना सांगू का? मुलीचं लग्न व्हायचंय.

हा आजार शिवण्याने, एका ताटात जेवण्याने, एका अंथरुणात झोपण्याने होत नाही. तरी मला एका हळदीकुंकवाला वाण पाटावर ठेवून दिलं, हातात दिलं नाही. ते अजून आठवतं. कुणाला सांगायचं हा तुमचा हक्क आहे. लपवायचं असेल तरी एका तरी बाईला खरं माहीत असू द्या.

मुलीचं म्हणाल तर स्तनाच्या कॅन्सरपैकी पाच ते दहा टक्केच वारशाने आलेल्या जनुकदोषामुळे होतात. तुम्हाला कमी वयात झाला असेल, किंवा आई-मावशी-बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर जनुक तपासणीबद्दल विचारा. ती मुलीच्या आधी तुमची करायची असते.

परत होईल का? दरवर्षी पूर्ण शरीराचा स्कॅन करून घेऊ?

त्रास नसताना तसे स्कॅन करायची गरज नसते. पैसा जातो आणि निकालाची वाट बघताना जीव टांगणीला लागतो. पहिली तीन वर्षं दर तीन-सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, पुढची दोन वर्षं सहा-बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि दुसऱ्या स्तनाची दरवर्षी मॅमोग्राफी. वणाजवळ गाठ किंवा पुळी, काखेत गाठ, सतत एकाच जागी हाड दुखणं, न थांबणारा खोकला, असं दिसलं तर तारखेची वाट बघू नका. तपासणीच्या आदल्या आठवड्यात माझं अजूनही जेवणावरून मन उडतं. घरच्यांना ते माहीत आहे, म्हणून त्या आठवड्यात मला कुणी उगाच काही विचारत नाही.

काय खाऊ नये?

साखर, दूध, आंबट बंद करून कॅन्सर बरा होत नाही. घरचं साधं जेवण, डाळ-उसळ-भाजी, वजन ताब्यात. दारू नको. भाजीतली हळद चालते, पण हळदीच्या कॅप्सूल आणि काढे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

पैसे कुठून आणायचे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी जा, बिल भरल्यावर नाही. रेल्वेत उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाला पूर्ण सवलत असते आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीत राहायची सोय आहे. जागा लवकर भरतात, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन जा.

मी नवरा आहे. मला काय करता येईल?

असा प्रश्न घेऊन येणारे फार थोडे, पण येतात, आणि मला त्यांच्याबद्दल माया वाटते. नळीची डबी रिकामी करायला शिका. वहीत मिली तुम्ही लिहा. ओपीडीत तिच्या वतीने बोलू नका, शेजारी बसा. "काही होत नाही" म्हणण्यापेक्षा "कुठे दुखतंय" विचारा. नातेवाईकांचे फोन तुम्ही घ्या.

आमच्याकडे परसात कपडे वाळत घालायची दोरी उंच होती. रुग्णालयातून आले त्या आठवड्यात ती हातभर खाली आलेली दिसली. ह्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. साडी वाळत घालताना ती जमिनीला टेकायची, मग मी दुहेरी करून घालायचे. दिवाळीच्या आधी मीच म्हटलं, आता दोरी वर बांधा.